चाल वरीलप्रमाणे

केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ शाळेत आम्हाला संगीताचा महिमा सांगणारी कविता म्हणून शिकवली. परीक्षेतला प्रश्नही ठरलेला: सतारीच्या बोलांचा कवीच्या मनावर काय परिणाम झाला? उत्तरही ठरलेलं. आधी उदास होता, मग शांत झाला. मधला भाग आम्ही सगळे गाळायचो. त्या मधल्या भागात कवी चक्क चिडतो. काळोखी रात्र, डोक्यात नाना काळज्या, माणूस रस्त्याने नुसता भटकतोय. कुठल्याशा खिडकीतून सतार ऐकू येते आणि हा त्या खिडकीकडे मूठ वळून वाजवणाऱ्याला मूर्ख म्हणतो, सतार फोडून का टाकत नाहीस म्हणतो. चार पावलं पुढे जातोही. पण पाय निघत नाही, म्हणून तिथेच टेकतो.

आता वाचताना मला तो रागच सगळ्यात खरा वाटतो. पुस्तकाचा असा राग आला तर ते मिटता येतं. माझ्या कपाटात एसटीचं तिकीट अध्येमध्ये खुपसून ठेवलेली कितीतरी पुस्तकं आहेत; तिकीट जिथे आहे तिथे माझा आणि त्या लेखकाचा संबंध संपला. खिडकीतून येणाऱ्या आवाजाशी असा काही करार नसतो. त्या माणसाने सतार निवडली नव्हती, कोण वाजवतंय हे त्याला माहीत नव्हतं, शिवाय त्या क्षणी त्याला ती नको होती. वाचनाची पहिली अट ही की वाचणाऱ्याने आधी पान उघडलं पाहिजे. संगीत ही अट पाळत नाही. नको म्हणणाऱ्याच्याही अंगावर येतं, आणि कधीकधी नको म्हणणाऱ्यालाच जास्त धरतं.

केशवसुत मूळचे मालगुंडचे, १८६६ मधला जन्म. गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड. आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीहून गेलं तर उजाडल्यापासून दहाच्या आत जाऊन यावं इतकं जवळ. तिथे त्यांच्या घराचं स्मारक केलं आहे. पुळ्याला आलेली माणसं पाच मिनिटं डोकावतात, ‘तुतारी’च्या दोन ओळी म्हणतात आणि मोदक खायला जातात. त्यात वाईट काही नाही. पण या किनाऱ्यावरच्या कवीने ऐकण्यावर लिहिलेली कविता तुतारीवर नसून सतारीवर आहे, एवढं कुणीतरी त्या माणसांना सांगायला हवं.

ही कविता मोजायलाही गंमतशीर आहे. पादाकुलक वृत्त, ओळीला १६ मात्रा. ‘काळोखाची रजनी होती’ मोजून पाहा, १६ भरतात. कडवं संपवणारी ‘पडले – दिड दा, दिड दा, दिड दा’ ही ओळ घ्या: चार मात्रांचं ‘पडले’ आणि चार-चारचे तीन ‘दिड दा’. पुन्हा १६. त्रितालाच्याही १६ मात्रा, त्याही चार-चारच्या विभागांत. योगायोग असो की जुळवणी, कविता मोठ्याने म्हणताना मांडीवर ठेका आपोआप धरला जातो. माझी भाची सतार शिकते. तिला मी हे मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “मावशी, असं नाही वाजत. मसीतखानी गतीत दिड दा दिड दा डा, दा दा डा असं असतं. आणि ती बाराव्या मात्रेवरून उठते.” मसीतखानी गत ही सतारीवरची संथ लयीतली बांधीव रचना. म्हणजे तिसऱ्या ‘दिड’च्या जागी ‘डा’ हवा. कवीने वृत्तात बसवायला सतार थोडी तासून घेतली. आणि शंभराहून अधिक वर्षांत कुणा वाचकाचं त्यावाचून अडलं नाही, कारण कागदावरची सतार ज्याची त्यानेच वाजवायची असते. शाळेत असताना मी ती धावत वाजवली होती. आज ‘दिड’ आणि ‘दा’ यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकी जागा ठेवते. पानावर मात्रा मिळतात, लय मिळत नाही. ती वाचणाऱ्याने घरून आणायची.

गाण्याला बसलं की मात्र लय दुसऱ्याची.

रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात थंडीच्या दिवसांत मैफली होतात. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवून इकडे आणलं. १९१० मध्ये बांधून झालेल्या त्या वाड्यात तो १९१६ मध्ये मरेपर्यंत राहिला. आपला वेळ दुसऱ्याच्या ताब्यात असणं म्हणजे काय, हे त्या वास्तूला चांगलं माहीत असणार. तिथे अंगणात, स्वेटर घालायची हौस भागवून घेणाऱ्या रत्नागिरीकरांमध्ये बसून मी विलंबित एकताल, म्हणजे अगदी संथ चालणारा बारा मात्रांचा ताल, ऐकते तेव्हा माझी सुरुवातीला फार चिडचिड होते. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन सहज मिनिटभर चालतं. बंदिशीचे शब्द म्हणजे अस्थायी आणि अंतरा मिळून चार ओळी. कागदावर दहा सेकंदांत वाचून होतील. त्यात सासू असते, नणंद असते, पिया असतो, बिजली चमकत असते. बंदिशींचे संग्रह मी कविता म्हणून वाचून पाहिले आहेत, नाही वाचवत. आणि हेच शब्द घेऊन गाणारा माणूस पाऊणतास बसतो.

मी वाचणारी बाई. गवयाने ‘पि’ म्हटलं की माझं डोकं पुढच्या ‘या’ची वाट बघत बसतं. ‘या’ येत नाही. ‘पि’चाच ‘इ’ कुठे कुठे फिरून येतो, मध्येच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, भलताच शब्द येऊन पडतो, मग पुन्हा पहिल्यापासून. वाक्य पुरं व्हावं ही माझी हाव मोडायला त्या गाण्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ती मोडली की ऐकणं सुरू होतं. वाचनात असं कधी होत नाही. तिथे वाक्य पुरं होण्याची वाट पाहणं हेच इंजिन आहे; कवितेतसुद्धा, जिथे कवी ते मुद्दाम उशिरा पुरं करतो. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या आपल्या भाषेत तर जास्तच. अर्थासाठी थांबायची सवय सोडून द्यायला लावणारं पुस्तक मला अजून भेटायचं आहे.

आणि एक. पुस्तकात किती उरलंय ते उजव्या अंगठ्याला कळत असतं. रहस्यकथेत नायक मरायला टेकला आणि अजून शंभर पानं शिल्लक असली की आपण निर्धास्त. मैफलीत असा अंगठा नसतो. भैरवी सुरू झाली की मात्र सगळ्यांना एकदम कळतं. लोक सावरून बसतात, कुणी शाल घडी करायला घेतं, कुणाच्या मनात चपला कुठे काढल्या त्याचा हिशेब सुरू होतो. भैरवी म्हणजे उठायची वेळ झाली, हे आमच्या कानांना कुणी वेगळं शिकवलेलं नाही. पण ते शिकलेलंच आहे.

म्हणूनच ‘संगीताला भाषा नसते’ असं कुणी म्हणालं की माझं मन चटकन मागे सरतं. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, जन्म १८९२, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली तिच्यात त्यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. त्यातलं ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबरला निघालं आणि त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. त्या तबकडीवर संगीताचे २७ तुकडे आहेत, सगळे मिळून सुमारे दीड तासाचे. शिवाय ५५ भाषांमधले नमस्कार आहेत आणि त्यात एक मराठीही आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्याचा गळा आणि आपल्या भाषेतली वाक्यं, दोन्ही एकाच तबकडीवरून सूर्यमालेबाहेर चालली आहेत. सगळे म्हणतात, तिकडे कुणी असलंच तर त्याला मराठी कळणार नाही, पण गाणं पोहोचेल. काय पोहोचेल? दीड तासाच्या मध्येच कुठेतरी भैरवी लागते, तेव्हा त्या ऐकणाऱ्याला शाल घडी करावीशी वाटेल का? केसरबाईंच्या आवाजातला जोर, त्याचं भरणं-ओसरणं कदाचित कळेल. पण कदाचित त्या मराठी नमस्कारातलं आर्जवही आवाजावरून तेवढंच कळेल. ऐकणं हेसुद्धा एका गावात राहून शिकावं लागतं. फरक एवढाच की वाचायला कुणी शिकवलं ते आपल्याला आठवतं, पाटी-पेन्सिल आठवते, आणि ऐकायला कधी शिकलो ते आठवत नाही.

आता उलट बाजू. चाल लागलेल्या कवितेचं काय होतं?

आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, सिंधुदुर्गातले, कुडाळात खानावळ चालवत कविता लिहिणारे. त्यांची ‘ये रे घना’ हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आशा भोसल्यांनी गायली. मी ती आधी ऐकली आणि पुष्कळ वर्षांनी छापलेली पाहिली. पाहिली म्हणायचं कारण ती मला वाचता येतच नाही. डोळे पहिल्या शब्दावर गेले की चाल सुरू होते आणि मला ओढत शेवटापर्यंत नेते. पानावर तिच्या ओळी इतक्या आखूड आहेत की दर दोन शब्दांनी पुढे कोरा कागद. कवीने तो कोरा कागद थांबण्यासाठी ठेवला असणार, पण चाल आपल्याला हवं तिथे थांबते. चाल अप्रतिम आहे, मला तिच्याविषयी तक्रार करायची नाही. तरी ती कविता एकट्याने, बिनआवाजाची, आपल्या वेगाने वाचायचा माझा हक्क कायमचा गेला. चाल न लागलेल्या त्यांच्या कवितांशी माझं अजून भांडण चालू असतं. पंचविशीत न कळलेली ओळ पन्नाशीत निराळ्याच कारणाने न कळणारी होते. ‘ये रे घना’शी भांडता येत नाही. ती नेहमी जिंकलेली असते. आणि हेही खरंच की ते गाणं कानावर पडलं नसतं तर मी आरती प्रभूंचं पुस्तक हातात घेतलंच नसतं.

आमच्या आळीत श्रावणात पोथी लागायची. श्रीधरांचा हरिविजय, नाहीतर पांडवप्रताप. वाचणारे आजोबा एका विशिष्ट हेलात, ओवीच्या चौथ्या चरणाशी आवाज खाली सोडत वाचायचे. बायका वाती वळत ऐकायच्या. एखादी पेंगायची. पेंगेत कंसवध निसटला तर निसटला. मागचं पान काढा असं कुणी आजोबांना म्हणत नसे. त्यातल्या काही जणींना अक्षरओळख नव्हती, पण ओवी अडली तर पुढचा शब्द त्याच पुरवायच्या. पुढे नोकरीच्या काळात मी तोच पांडवप्रताप ग्रंथालयातून आणला. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ मधलं, महाराष्ट्रातल्या जुन्यांपैकी. तिथे असली पुस्तकं मिळणं अवघड नाही. घरी आणून एकटीने वाचायला लागले आणि दोन अध्यायांत कंटाळले. वर्णनं लांबलचक, उपमा त्याच त्या. मी पानं सोडत पुढे गेले, हव्या त्या प्रसंगाशी थांबले, आणि पुस्तक मुदतीआधीच परत केलं.

ग्रंथ तोच. पण वाती वळणाऱ्या बायकांना पानं सोडायची सोय नव्हती, आणि त्या लांबलचक वर्णनांत त्या हेलाबरोबर आत-बाहेर जायच्या, जसं मी एकतालात जाते. ग्रंथालयाच्या नोंदवहीत पांडवप्रताप साहित्य म्हणून नोंदलेला असेल. आमच्या ओटीवर मात्र त्याला संगीताचे नियम लागू होते. तेव्हापासून मला वाटतं की या दोघांमधली सीमा अक्षर आणि सूर यांच्यामध्ये शोधूच नये. वेळेची दोरी कुणाच्या हातात आहे एवढं बघावं. माझ्या हातात असेल तर ते वाचन. तिथे मी परत फिरते, थांबते, लेखकाला अडवते, मान वर करून खिडकीबाहेर बघते. खरं तर वाचनातला चांगला भाग बहुतेक मान वर केल्यावरच घडतो. दोरी दुसऱ्याच्या हातात असेल तर मान वर करून उपयोग नाही, कारण तेवढ्यात पुढचं निघून गेलेलं असतं.

हल्ली फोनवर गाणंही थांबवता येतं, मागे नेता येतं. पण थांबवलेल्या गाण्यात काय उरतं? शब्दावर बोट ठेवून बसता येतं, तसं धैवतावर, सप्तकातल्या ‘ध’वर, बोट ठेवून बसता येत नाही. तो धैवत मागच्या-पुढच्यामुळे धैवत होता. बोट ठेवलं की फोनच्या काचेवरचा त्रिकोण तेवढा राहतो.

हे सगळं मी इतक्या ठामपणे बोलते खरी, पण गेल्या गणपतीत एका वहीने माझी पंचाईत केली. माझे चुलत आजोबा जाखडीचे शाहीर होते, तुरेवाले. जाखडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: मधोमध शाहीर, ढोलकी, झांज, भोवती पायांत चाळ बांधलेले नाचणारे, आणि सामना असला की एकीकडे शक्तीवाले, दुसरीकडे तुरेवाले. एकाने पुराणातला सवाल गाण्यातून टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा, रात्रभर. म्हणजे संगीताशी वाद घालता येत नाही हे माझं म्हणणं आमच्याच घरात खोटं ठरलेलं होतं. आजोबांची वही माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. प्रत्येक गाण्यावर एक ओळ: ‘चाल’ आणि पुढे कुठल्यातरी सिनेमाच्या गाण्याचे पहिले शब्द. पुढच्या पानावर ‘चाल वरीलप्रमाणे’. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदांवर अशीच ओळ असते. लिहिणाऱ्याने चाल लिहिलेलीच नाही, ती कुठे आहे याचा नुसता पत्ता दिलाय. पत्त्यावरचं माणूस हललं की पत्राचं काय होणार, याचा विचार वही लिहिताना कोण करतं?

मी ती गाणी वाचली. ती वाईट आहेत म्हणायला संकोच वाटतो, पण वाईटच वाटली. यमकं ओढूनताणून, आणि ‘ऐका शाहीर’, ‘हो जी जी’ असली भरती दर दोन ओळींनी. शेजारचे तात्या तरुणपणी आजोबांच्या मागे झील धरायचे. त्यांना बोलावून आणलं. वही पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सारली, मांडीवर थाप टाकली आणि सुरू केलं. मला फालतू वाटलेली भरती नेमकी जिथे पाय उलटा पडून चाळ वाजतात तिथे होती. ‘हो जी जी’ हा शब्द नव्हताच. ती उडी होती.

तात्या दोन कडवी सपाट म्हणाले. तिसऱ्याला अडकले.

“काय गं पुढे? वहीत बघ.”

मी वाचून दाखवलं, त्यांनी ओळ उचलली, पुन्हा निघाले. असं चार-पाच गाण्यांना झालं. एका पानावर ‘चाल – दामूवाली’ असं लिहिलं होतं. तात्या म्हणाले, “ती नाय आता. दामू ढोलकीवाला. तो काहीतरी वेगळंच वाजवायचा, त्यावर बुवा म्हणायचे.” भाचीने फोनवर बाकीची सिनेमाची गाणी शोधून काढली. शब्द मात्रांत बसत होते, पण तात्या प्रत्येक वेळी मान हलवून म्हणाले, “इतकं घाईत नव्हतं. पोरांना नाचायचं असायचं ना.”

मी आता ती वही टंकून काढते आहे. चालीची ओळ आहे तशी ठेवली आहे, दामूवालीसुद्धा. तात्यांनी एक अडचण दाखवून दिली, ती मात्र माझ्या लक्षातच आली नव्हती. वहीत आहेत ते बहुतेक सवाल आहेत. सीतेविषयीचा एक आहे, वामनाच्या तिसऱ्या पावलाविषयी एक आहे, चांगले खोचक आहेत. जवाब वहीत नाहीत. ते शक्तीवाल्यांच्या वहीत. मी विचारलं, “तुम्हाला आठवतो का एखादा?” तात्या म्हणाले, “जवाब द्यायला लागले की आम्ही चहा प्यायला जायचो.” ती पार्टी गुहागरकडची होती, एवढं त्यांना नक्की आठवतं. दिवाळीनंतर तिकडे जाऊन विचारायचं ठरलंय.